मानवी मूत्रसंस्थेचा गर्भावस्थेतील विकास

मानवी मूत्रसंस्थेत दोन वृक्क, दोन मूत्रवाहिन्या, मूत्राशय आणि मूत्रमार्ग हे अवयव येतात. वृक्कालाच मूत्रपिंड आणि व्यवहारात किडनी असे म्हणतात. फलनानंतरच्या चौथ्या आठवड्यात या संस्थेच्या जडणघडणीस आरंभ होतो आणि प्रसूतीच्या सुमारे महिनाभर आधीपर्यंत ती चालू राहते. या काळात वृक्कांच्या तीन पिढ्या एकामागून एक उदयास येतात. पहिल्या दोन लोप पावतात आणि तिसरी आयुष्यभर काम देते. वृक्क व मूत्रवाहिन्या भ्रूणाच्या मध्यस्तरापासून बनतात, तर मूत्राशय व मूत्रमार्ग यांचे अस्तर बहुतांशी अंतःस्तरापासून बनते. म्हणजे एकाच नळयोजनेचे दोन भाग वेगवेगळ्या ठिकाणी तयार होऊन नंतर एकमेकांना जोडले जातात. या संस्थेतील जन्मजात दोषांपैकी बरेचसे या जोडकामात किंवा वृक्कांच्या स्थलांतरात राहिलेल्या त्रुटींमुळे उद्भवतात.

प्रस्तुत लेखात आठवडे फलनापासून मोजले आहेत. रुग्णालयात गर्भाचे वय शेवटच्या मासिक पाळीपासून मोजतात आणि ते सुमारे दोन आठवड्यांनी अधिक भरते. जेथे ती गणना अभिप्रेत आहे तेथे तसा उल्लेख केला आहे.

वृक्कांच्या तीन पिढ्या

तिसऱ्या आठवड्यात भ्रूण तीन थरांच्या चकतीसारखा असतो. त्यातील मधल्या थराचा, म्हणजे मध्यस्तराचा, एक पट्टा भावी पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस मानेपासून ओटीपोटापर्यंत पसरलेला असतो. याला मध्यवर्ती मध्यस्तर म्हणतात. तिन्ही पिढ्यांचे वृक्क याच पट्ट्यातून वरून खाली अशा क्रमाने निर्माण होतात. जननग्रंथी व त्यांच्या नलिकाही याच परिसरात घडत असल्यामुळे मूत्रसंस्था आणि जननसंस्था यांचा विकास एकमेकांपासून वेगळा काढून सांगता येत नाही.

पहिली पिढी पूर्ववृक्काची. चौथ्या आठवड्याच्या आरंभी मानेच्या भागात पेशींचे सात ते दहा लहान पुंजके दिसू लागतात आणि तो आठवडा संपण्यापूर्वीच ते नाहीसे होतात. मानवात पूर्ववृक्क मूत्र तयार करीत नाही. मात्र त्याच्याशी संबंधित नलिका खालच्या दिशेने वाढत राहते आणि पुढच्या पिढीच्या उपयोगी पडते.

दुसरी पिढी मध्यवृक्काची. छातीच्या वरच्या भागापासून कमरेच्या वरच्या भागापर्यंत अनेक वाकड्या नलिका तयार होतात. प्रत्येक नलिकेच्या एका टोकाशी रक्तकेशिकांचा गुच्छ असतो आणि दुसरे टोक वर सांगितलेल्या लांब नलिकेत उघडते. दुसऱ्या महिन्याच्या मध्यास हा अवयव भ्रूणाच्या आकाराच्या मानाने बराच मोठा व लंबगोल दिसतो. तो काही आठवडे थोडेसे मूत्रही तयार करतो. त्यानंतर त्याचा ऱ्हास होतो; पण पुरुषगर्भात त्याची नलिका टिकून राहते आणि तिच्यापासून अधिवृषण, शुक्रवाहिनी व शुक्राशय हे जननसंस्थेचे भाग घडतात. स्त्रीगर्भात तिचे केवळ काही अवशेष उरतात. मूत्रासाठी काढलेला पाट पुढे वंशवृद्धीच्या कामी यावा, हा निसर्गाच्या काटकसरीचा एक उत्तम नमुना म्हणता येईल.

या नलिकेला वोल्फ नलिका असेही नाव आहे. कास्पार फ्रीडरिख वोल्फ या जर्मन शास्त्रज्ञाने १७५९ साली हाले येथे सादर केलेल्या प्रबंधात कोंबडीच्या भ्रूणाच्या निरीक्षणांवरून असे प्रतिपादन केले, की अवयव आधीपासून सूक्ष्म रूपात तयार नसतात. ते भेदरहित द्रव्यातून क्रमाक्रमाने नव्याने घडतात. अंड्यात किंवा शुक्राणूत इवलासा संपूर्ण जीव दडलेला असतो आणि गर्भाशयात तो केवळ मोठा होतो, असे त्या काळी अनेक विद्वान मानीत. मूत्रसंस्थेचा इतिहास पाहिला, तर वोल्फचे म्हणणे किती योग्य होते ते सहज पटते. कारण घडून पुन्हा मोडणारे दोन वृक्क आधीपासून तयार असलेल्या चिमुकल्या देहात कोठेच बसत नाहीत. भारतीय परंपरेतही या अवयवाच्या उत्पत्तीचा विचार झालेला आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात वृक्कांची उत्पत्ती रक्त व मेद यांच्या सारभागापासून होते असे म्हटले आहे. हे विधान आजच्या अर्थाने भ्रूणविज्ञान नव्हे, पण वृक्क हा शब्द मराठीला त्या परंपरेतूनच मिळाला आहे.

माशांच्या व बेडकांच्या डिंभांत पूर्ववृक्क खरोखर काम करतो, प्रौढ मासे व उभयचर यांच्यात मध्यवृक्कासारखा अवयव कार्यरत असतो, तर सरीसृप, पक्षी व सस्तन प्राणी यांच्यात पश्चवृक्क असतो. त्यामुळे गर्भ आपल्या पूर्वजांचा इतिहास क्रमाने पुन्हा जगतो, या एकोणिसाव्या शतकातील एर्न्स्ट हेकेल यांच्या मताचा पुरावा म्हणून हे उदाहरण अनेक वर्षे दिले जाई. ते मत त्या स्वरूपात आता मान्य नाही. मानवी भ्रूण कोणत्याही टप्प्यावर प्रौढ मासा नसतो. फार तर माशाच्या भ्रूणाशी त्याचे साम्य असते. शिवाय जुने टप्पे टिकून राहिले आहेत ते पुढच्या टप्प्यांना त्यांची गरज असते म्हणून. पूर्ववृक्काच्या भागात नलिका सुरू झाली नाही, तर तिसरा वृक्क घडूच शकत नाही.

पश्चवृक्क : कळी आणि तिचे भोवताल

कायमचा वृक्क म्हणजे पश्चवृक्क. पाचव्या आठवड्यात वोल्फ नलिकेच्या खालच्या टोकाजवळ एक फुगवटा येतो. त्याला मूत्रवाहिनी कलिका म्हणतात. ही कळी मागे व वर वाढत जाऊन मध्यवर्ती मध्यस्तराच्या शेवटच्या भागात शिरते. तेथील पेशी तिच्या टोकाभोवती टोपीसारख्या गोळा होतात. त्यानंतर कळीला दोन फाटे फुटतात, त्या प्रत्येकाला पुन्हा दोन, आणि असे बारा किंवा त्याहून अधिक वेळा घडते. कळीच्या देठापासून मूत्रवाहिनी बनते, पहिल्या काही फाट्यांपासून वृक्काच्या आतील नरसाळ्यासारखी पोकळी व तिचे पेले बनतात आणि उरलेल्या असंख्य फांद्यांपासून मूत्र गोळा करणाऱ्या संग्राहक नलिका तयार होतात.

मूत्र गाळण्याचे काम मात्र कळीचे नसते. ते भोवतालच्या टोपीतील पेशींकडे असते. प्रत्येक फांदीच्या टोकाशी या पेशींचा लहानसा फुगा तयार होतो. तो लांबून प्रथम स्वल्पविरामासारखा व नंतर नागमोडी वळणाचा होतो. त्याचे एक टोक संग्राहक नलिकेला जाऊन मिळते. दुसऱ्या टोकाशी खोलगट वाटी तयार होते, तिच्यात रक्तकेशिकांचा गुच्छ शिरतो आणि बोमन संपुट तयार होते. अशा रीतीने एक नेफ्रॉन, म्हणजे वृक्काचा एक कार्यकारी घटक, पुरा होतो. गाळणी एका पेशीसमूहातून आली आणि निचऱ्याची नळी दुसऱ्यातून. या दोन्ही नलिका लक्षावधी ठिकाणी एकमेकींना बिनचूक जोडल्या जातात. पूर्वी हा सांधा न जुळल्यामुळेच वृक्कात पाण्याच्या गाठी होतात असे समजले जाई. आनुवंशिक बहुपुटी वृक्करोगाची कारणे आता जनुकांत सापडली असल्याने ते स्पष्टीकरण मागे पडले आहे.

हे दोन पेशीसमूह एकमेकांना कसे घडवतात, हे शोधून काढण्याचे मोठे श्रेय अमेरिकन जीवशास्त्रज्ञ क्लिफर्ड ग्रोबस्टीन यांना जाते. १९५० च्या दशकात त्यांनी उंदराच्या भ्रूणातील कळी व तिच्या भोवतालची ऊती वेगळी करून काचपात्रात वाढवली. एकटी ऊती नलिका बनवत नाही आणि एकटी कळी फाटे फोडत नाही, असे आढळले. दोन्ही जवळ ठेवल्यावर विकास सुरू झाला. पुढे त्यांनी दोहोंमध्ये अतिसूक्ष्म छिद्रांचा पातळ पडदा ठेवला, तरीही नलिका तयार झाल्या. आणखी विस्मयकारक गोष्ट अशी, की कळीच्या जागी भ्रूणाच्या मेरुरज्जूचा तुकडा ठेवला तरी भोवतालच्या ऊतीत नलिका घडल्या. म्हणजे नलिका बनवण्याची क्षमता त्या ऊतीत आधीच असते. तिला केवळ बाहेरून चालना हवी असते. फिनलंडमधील लाउरी साक्सेन यांनी हे संशोधन पुढे नेले आणि १९८७ मध्ये वृक्काच्या घडणीवर एक प्रमाणभूत ग्रंथ लिहिला.

या संवादातील रेणू नंतर ओळखले गेले. भोवतालची ऊती जीडीएनएफ नावाचे प्रथिन स्रवते आणि कळीच्या पेशींवरील रेट नावाचा ग्राही ते टिपतो. १९९६ साली वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी जीडीएनएफचे जनुक नसलेले उंदीर तयार केले. त्यांची पिल्ले वृक्कांविना जन्मली व लवकरच मरण पावली. उलट दिशेने कळीही डब्ल्यूएनटी कुलातील प्रथिनांद्वारे भोवतालच्या पेशींना नेफ्रॉन बनण्याचा संकेत देते. डब्ल्यूटी-१ हे आणखी एक महत्त्वाचे जनुक. त्यात बिघाड झाल्यास काही बालकांत विल्म्स अर्बुद होते. मॅक्स विल्म्स या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९९ मध्ये या अर्बुदाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. ते प्रायः पाच वर्षांखालील मुलांत आढळते आणि अनेकदा वृक्कात उरलेल्या, न पिकलेल्या भ्रूणपेशींपासून उद्भवते. वेळीच निदान झाल्यास यातून बहुतेक मुले बरी होतात.

वृक्कांचे आरोहण

पश्चवृक्क तयार होतो तो ओटीपोटात, त्रिकास्थीच्या समोर. सहाव्या ते नवव्या आठवड्यांच्या दरम्यान तो हळूहळू वर जाऊन बरगड्यांच्या खालच्या टोकाशी आपल्या जागी पोचतो. वस्तुतः वृक्क चढतो असे म्हणण्यापेक्षा धडाचा खालचा भाग त्याच्यापासून दूर वाढत जातो असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. गाडी पुढे निघाली की फलाट मागे सरकताना दिसतो, तसा हा प्रकार आहे. वाटेत वृक्क सुमारे ९० अंशांनी आत वळतो आणि आधी पुढे असलेली त्याची खाच कण्याच्या बाजूस येते.

प्रवासात प्रत्येक मुक्कामावर जवळच्या मोठ्या रोहिणीपासून वृक्काला नवी रक्तवाहिनी मिळते आणि खालची जुनी सुकून जाते. काही वेळा जुनी वाहिनी सुकतच नाही. त्यामुळे सुमारे चौथ्या हिश्श्याने वृक्कांना एकाहून अधिक रोहिण्या असतात. एरवी ते कळतही नाही. वृक्कदानाच्या शस्त्रक्रियेपूर्वी मात्र शल्यचिकित्सकाला या रोहिण्या मोजून घ्याव्या लागतात.

एखादा वृक्क ओटीपोटातच राहिला, तर त्याला श्रोणीय वृक्क म्हणतात. दोन्ही वृक्कांची खालची टोके चढण्यापूर्वीच जोडली गेली, तर घोड्याच्या नालेच्या आकाराचा एकच अवयव बनतो. असा नालाकार वृक्क सुमारे ४०० ते ६०० व्यक्तींत एकीला असतो. वर जाताना तो महारोहिणीच्या खालच्या आंत्रबंध शाखेखाली अडकतो व कमरेतच थांबतो. अशा बहुतेक व्यक्तींना तो असल्याचे अन्य कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीतच समजते. मुतखडा व जंतुसंसर्ग यांचे प्रमाण मात्र त्यांच्यात काहीसे अधिक आढळते.

मूत्राशय व मूत्रमार्ग

भ्रूणाच्या आतड्याचे शेवटचे टोक आरंभी एका सामायिक कोठीत उघडते. तिला अवस्कर म्हणतात. पक्ष्यांत अशी कोठी आयुष्यभर राहते. मानवात चौथ्या ते सातव्या आठवड्यांत तिच्यात एक पडदा उतरतो. मागे गुदमार्ग व पुढे मूत्रजनन कोटर असे तिचे दोन भाग होतात. पुढच्या भागाच्या वरच्या, रुंद अंशापासून मूत्राशय बनतो. वोल्फ नलिकांची खालची टोके त्याच्या मागील भिंतीत सामावून घेतली जातात आणि त्यामुळे मूत्रवाहिन्यांना मूत्राशयात स्वतंत्र दारे मिळतात. ती भिंतीतून तिरपी शिरत असल्याने मूत्राशय भरला की दाबाने आपोआप मिटतात. कळी ठरलेल्या जागेच्या जरा वर किंवा खाली उगवली, तर हे दार चुकीच्या ठिकाणी पडते आणि मूत्र उलटे वृक्काकडे जाऊ शकते. लहान मुलांना वारंवार होणाऱ्या मूत्रसंसर्गामागे हे एक महत्त्वाचे कारण असते. कळी लवकर दुभंगली किंवा दोन कळ्या उगवल्या, तर एका वृक्काला दोन मूत्रवाहिन्या होतात.

मूत्राशयाचे वरचे टोक एका अरुंद मार्गाने बेंबीशी जोडलेले असते. जन्मापूर्वी तो मार्ग बुजून त्याची दोरी बनते. क्वचित तो उघडा राहतो व नवजात बालकाच्या बेंबीतून मूत्र पाझरते. बेंबी सतत ओली राहणाऱ्या बाळाला केवळ हळद लावून थांबू नये, असे सांगणे येथे अप्रस्तुत ठरणार नाही.

मूत्रमार्गाचा विकास मुलगे व मुली यांच्यात भिन्न आहे. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असून तो सर्व कोटरापासूनच घडतो. मुलग्यांत त्याचा पुढचा भाग शिश्नाच्या खालच्या बाजूच्या खाचेचे काठ मिळून तयार होतो. काठ पूर्ण न जुळल्यास छिद्र टोकाऐवजी खाली राहते. हा दोष सामान्य असून शस्त्रक्रियेने दुरुस्त होतो. मुलग्यांतच आढळणारा याहून गंभीर दोष म्हणजे मूत्रमार्गाच्या मागील भागातील पडद्यासारख्या झडपा. १९१९ मध्ये ह्यू हॅम्प्टन यंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे वर्गीकरण केले. या झडपांमुळे मूत्र तुंबते, मूत्राशयाची भिंत जाड होते आणि दोन्ही वृक्क गर्भातच फुगून निकामी होऊ लागतात.

गर्भजल आणि फुप्फुसे

नवव्या-दहाव्या आठवड्यापासून पश्चवृक्क मूत्र तयार करू लागतो. पण रक्तातील त्याज्य द्रव्ये काढण्याचे काम त्याच्याकडे नसते. ते वार आणि मातेचे वृक्क करतात. म्हणूनच वृक्क मुळीच नसलेल्या नवजात बालकाचेही रक्त जन्मक्षणी जवळजवळ स्वच्छ असते. मग गर्भाला मूत्राची गरज ती काय? उत्तर गर्भजलात आहे. पाळीपासून मोजलेल्या सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल मुख्यत्वे गर्भाच्या मूत्राचे असते. दिवस भरत आल्यावर गर्भ रोज अर्ध्या लिटरहून अधिक मूत्र टाकतो आणि गर्भजल गिळतही असतो. या पाण्यामुळे हातपाय हालण्यास जागा मिळते आणि फुप्फुसे फुगण्यास वाव राहतो.

दोन्ही वृक्क घडलेच नाहीत, तर हे पाणी आटते. १९४६ साली शिकागो येथील विकृतिशास्त्रज्ञ एडिथ पॉटर यांनी अशा बालकांच्या चेहऱ्याची लक्षणे नोंदवली : चपटे नाक, मागे गेलेली हनुवटी, खाली सरकलेले कान, डोळ्यांखालची ठळक घडी. गर्भाशयाच्या भिंतीने चहूबाजूंनी दाबल्याचे हे परिणाम असतात. अशी बालके जन्मानंतर काही तासांत दगावतात ती वृक्कांच्या अभावी नव्हे, तर न वाढलेल्या फुप्फुसांमुळे. एकच वृक्क नसणे याहून कितीतरी सामान्य असून सुमारे हजारात एका व्यक्तीत आढळते. उरलेला वृक्क मोठा होऊन दोघांचे काम सांभाळतो आणि आयुर्मान बहुधा सामान्य राहते.

पाळीपासूनच्या १८ ते २० व्या आठवड्यात केल्या जाणाऱ्या सोनोग्राफीत वृक्क, मूत्राशय व गर्भजल ही तिन्ही पाहिली जातात. मूत्राशय भरताना व रिकामा होताना दिसला, तर किमान एक वृक्क काम करीत आहे असे समजते. वृक्काची पोकळी किंचित फुगलेली दिसणे ही वारंवार आढळणारी बाब आहे आणि बहुतेकदा ती आपोआप निवळते, हे भावी मातापित्यांना स्पष्ट सांगितले जाणे आवश्यक असते. दोन्ही वृक्क नसल्याचे निदान झाल्यास प्रश्न कठीण होतो. भारतात २०२१ च्या सुधारित गर्भपात कायद्यानुसार गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने २४ आठवड्यांनंतरही गर्भपातास अनुमती मिळू शकते. मूत्र तुंबलेल्या गर्भावर गर्भाशय उघडून पहिली शस्त्रक्रिया मायकेल हॅरिसन यांच्या पथकाने १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे केली. आता निवडक रुग्णांत गर्भाच्या मूत्राशयातून गर्भजलात नळी बसवतात. तिने फुप्फुसे वाचण्याची शक्यता वाढते, पण आधीच बिघडलेला वृक्क तिने पूर्ववत होत नाही.

नेफ्रॉनांची संख्या

पाळीपासूनच्या ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंत नवे नेफ्रॉन तयार होतात आणि त्यानंतर ही निर्मिती कायमची थांबते. त्वचा किंवा यकृत यांच्याप्रमाणे येथे भर पडत नाही. एका वृक्कात सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात. पण व्यक्तिव्यक्तींत ही संख्या सुमारे दोन लाखांपासून पंचवीस लाखांपर्यंत आढळली आहे. जन्मतः मिळालेले हे भांडवल पुढे वयानुसार केवळ घटत जाते.

हे भांडवल कमी असल्यास उरलेल्या नेफ्रॉनांवर ताण पडून पुढे उच्च रक्तदाब व वृक्करोग संभवतो, अशी कल्पना बॅरी ब्रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडली. जर्मनीत अपघाती मरण पावलेल्या व्यक्तींच्या वृक्कांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात उच्च रक्तदाब असलेल्या दहा जणांत नेफ्रॉनांची संख्या तो नसलेल्या दहा जणांच्या जवळपास निम्मी होती. वीस व्यक्तींवरून अंतिम निष्कर्ष काढता येत नाही, परंतु कमी वजनाच्या व अपुऱ्या दिवसांच्या बालकांत नेफ्रॉन कमी असतात, ही गोष्ट इतर अभ्यासांतही दिसली आहे. निम्म्याहून अधिक नेफ्रॉन गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत बनतात. अकाली जन्मलेल्या बाळात त्यांची निर्मिती जन्मानंतर फार तर चाळीसेक दिवस चालू राहते. मातेचे पोषण या दृष्टीने महत्त्वाचे आहे, तसेच औषधांबाबतची सावधगिरीही. रक्तदाबावरील एसीई निरोधक औषधे गर्भाच्या वृक्कांना थेट बाधा करतात. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी विसाव्या आठवड्यानंतर गर्भाचे मूत्र व पर्यायाने गर्भजल घटू शकते. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या स्त्रीने गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांशी बोलून ती बदलून घेणे इष्ट असते. परस्पर बंद करणेही तितकेच धोक्याचे असते.

मूळपेशींपासून प्रयोगशाळेत वृक्कसदृश ऊती वाढवण्यात अलीकडे यश आले आहे. मेलिसा लिटल यांच्या ऑस्ट्रेलियातील गटाने २०१५ मध्ये अशी ऊती प्रसिद्ध केली. तिच्यात नेफ्रॉन घडतात, पण मूत्र बाहेर नेणारी एकसंध वाट नसते. कळी व तिचे भोवताल यांची गर्भातील सांगड अजून काचपात्रात पूर्णपणे साधलेली नाही.

जन्मसमयीची स्थिती

नवजात बालकाच्या प्रत्येक वृक्काचे वजन सुमारे १२ ग्रॅम असते आणि त्याच्या पृष्ठभागावर गर्भावस्थेतील खंडांच्या खाचा दिसतात. नेफ्रॉन लांबीने वाढू लागले की त्या बाल्यावस्थेत पुसल्या जातात. नाळ कापताच वारेचे काम वृक्कांवर येते. गाळण्याचा वेग पहिल्या दोन आठवड्यांत सुमारे दुप्पट होतो आणि शरीराच्या आकाराच्या मानाने प्रौढ पातळी गाठण्यास दीड-दोन वर्षे लागतात. मूत्र दाट करण्याची क्षमताही आरंभी प्रौढाच्या जवळपास निम्मीच असते. त्यामुळे जुलाबांत लहान बाळ लवकर सुकते, तसेच दाट कालवलेले पावडरीचे दूध त्याच्या वृक्कांना झेपत नाही. आईच्या दुधात क्षार कमी असतात व पहिल्या सहा महिन्यांत वेगळे पाणी पाजण्याची गरज उन्हाळ्यातही पडत नाही.

बहुतेक बालके पहिल्या २४ तासांत लघवी करतात. ४८ तास उलटूनही लघवी न झाल्यास, किंवा मुलग्याची धार न पडता लघवी थेंब थेंब गळत असल्यास, मूत्रमार्गातील झडपांची शक्यता गृहीत धरून त्याच दिवशी तपासणी केली जाते.